फ्रान्सिश्कु लुईश गोमिश : शस्त्रवैद्य, कादंबरीकार आणि ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचा प्रश्न

५ जानेवारी १८६१ ही तारीख असलेले एक फ्रेंच पत्र गोमंतकाच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहे. ते लामार्तिन या फ्रेंच कवीला उद्देशून लिहिलेले असून त्याचा लेखक एकतीस वर्षांचा एक गोमंतकीय शस्त्रवैद्य होता. पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी म्हणून तो नुकताच निवडून आला होता. ज्या भूमीत पूर्वी काव्य, तत्त्वज्ञान आणि इतिहास जन्मास आले त्याच भूमीत आज त्यांचे थडगे झाले आहे. ज्यांनी महाभारत रचले आणि बुद्धिबळाचा खेळ शोधून काढला त्या लोकांच्या वंशात आपण जन्मलो. परंतु ते राष्ट्र आता आपल्याच देशात बंदिवान होऊन पडले आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. शेवटी लेखक आपल्या देशासाठी दोन गोष्टी मागतो : स्वातंत्र्य आणि ज्ञानाचा प्रकाश.

हे पत्र लिहिले गेले तेव्हा राष्ट्रसभेच्या स्थापनेला चोवीस वर्षांचा अवकाश होता, आणि दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटात निवडून येण्यास एकतीस वर्षांचा. यामुळे फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांना हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पहिला उद्गाता मानण्याची प्रथा गोमंतकीय लेखनात रूढ झाली. ही प्रथा निराधार नाही. तथापि ती स्वीकारण्यापूर्वी त्यांनी कोणत्या हिंदुस्थानसाठी, कोणापासून आणि कोणत्या अर्थाने स्वातंत्र्य मागितले, याचा विचार करणे अवश्य आहे. शब्द तोच राहतो आणि अर्थ मात्र पालटतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस नवी नाही. इतिहासाच्या अभ्यासकांकडून मात्र तिचा विसर अनेकदा पडतो.

गोमिश यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी साष्टी तालुक्यातील नावेली या गावी झाला. ते चार्दो, म्हणजे धर्मांतरापूर्वी स्वतःस क्षत्रिय समजणाऱ्या, ख्रिस्ती ज्ञातीचे होते. गोव्यातील ख्रिस्ती समाजाने धर्म बदलला तरी जातिभेद टाकला नव्हता. ब्राह्मण ख्रिस्ती आणि चार्दो ख्रिस्ती यांची चुरस चर्चमधील मानापानापासून निवडणुकीपर्यंत सर्वत्र चाले. १८५९ मध्ये मडगावच्या बेर्नार्दु फ्रान्सिश्कु द कॉश्त यांनी ‘उल्त्रामार’ हे गोव्यातील पहिले खाजगी वृत्तपत्र सुरू केले. ते ब्राह्मण पक्षाचे समजले जाई. १८६१ मध्ये निघालेले ‘इंदिया पुर्तुगेज’ चार्दो पक्षाचे होते. हा तपशील ध्यानात ठेवावयास हवा, कारण पुढे गोमिश यांनी लिहिलेल्या एकमेव कादंबरीचे नावच ‘ब्राह्मण’ असे आहे.

गोव्याची राजकीय स्थिती ब्रिटिश मुलखाहून निराळी होती. पोर्तुगालमध्ये १८२० साली उदारमतवादी क्रांती झाली आणि १८२२ च्या राज्यघटनेने सागरापलीकडील प्रजाजनांनाही नागरिकत्व व संसदेतील प्रतिनिधित्व दिले. गोव्याचे पहिले प्रतिनिधी त्याच सुमारास निवडले गेले. त्यांपैकी बेर्नार्दु पेरिश द सिल्व यांना १८३५ मध्ये गोव्याचा कारभार प्रमुख म्हणून सोपविण्यात आला, पण जानेवारीत हाती घेतलेली सत्ता एक महिना पुरा होण्याच्या आतच लष्करी बंडाने हिरावून घेतली. एतद्देशीय मनुष्याने कागदावर नागरिक असणे आणि गादीवर बसणे यांतील अंतर गोव्याने त्या वेळी प्रत्यक्ष पाहिले. सत्तरीत दिपाजी राणे यांचे बंड १८५२ ते १८५५ पर्यंत चालले. ते या नागरिकत्वाच्या परिघाबाहेरील मनुष्यांचे होते. संसद, घटना, मतदान हे शब्द त्यांच्या व्यवहारात नव्हते.

गोमिश यांचे शिक्षण पणजीच्या वैद्यक-शस्त्रक्रिया विद्यालयात झाले. हे विद्यालय १८४२ साली स्थापन झाले, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या तीन वर्षे आधी. येथून उत्तीर्ण झालेल्या तरुणांना पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत वैद्यकीय चाकरी मिळे. परंतु खुद्द पोर्तुगालमध्ये त्यांची पदवी लिस्बन, पोर्तु अथवा कुइंब्र येथील पदवीच्या बरोबरीची गणली जात नसे. घटनेने समान ठरविलेला नागरिक वैद्य म्हणून मात्र कनिष्ठ ठरत होता. गोमिश लष्करात शस्त्रवैद्य झाले. समतेचे वचन आणि तिचा व्यवहार यांत किती तफावत असते हे समजण्यासाठी त्यांना ग्रंथ वाचण्याची आवश्यकता नव्हती.

येथे त्यांच्या एका समकालीनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे वयाने गोमिश यांच्याहून थोडे मोठे. ते मुंबईस गेले आणि १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झाले. दुसऱ्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कार्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि वैद्यकी सांभाळून शिलालेखांच्या वाचनात कीर्ती मिळविली. दोघेही गोमंतभूमीचे पुत्र, दोघेही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले, आणि दोघांनाही प्राचीन भारताचा अभिमान. परंतु भाऊ दाजींना प्राचीन भारत संस्कृत आणि प्राकृत यांतून, मूळ साधनांतून, गवसला. गोमिश यांना तो फ्रेंच ग्रंथांतून भेटला. लामार्तिनचे साहित्यविषयक मासिक प्रवचन १८५६ पासून वर्गणीदारांकरिता प्रसिद्ध होत असे, आणि त्याच्या आरंभीच्या भागांतच संस्कृत काव्याविषयी भावपूर्ण विवेचन आले होते. गोमिश यांनी महाभारताची आठवण नेमकी लामार्तिनलाच का करून द्यावी, याचा उलगडा यावरून होतो. आपल्या पूर्वजांची ओळख परक्याच्या भाषेतून करून घेणे हे त्या काळच्या सुशिक्षित गोमंतकीयाचे प्राक्तन होते.

या प्राक्तनाचा इतिहास मोठा आहे. १६८४ च्या फर्मानाने गोव्यातील रहिवाशांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे असे ठरविण्यात आले होते. फर्मानाने लोकांची भाषा मेली नाही. परंतु तिची प्रतिष्ठा गेली. चर्चमध्ये उपदेश कोंकणीत होई आणि घरात संवादही तिच्यातच चाले. सुशिक्षितांचे लेखन मात्र पोर्तुगीजमध्ये. १८५५ मध्ये गोव्यास मुख्य चिटणीस म्हणून आलेल्या कुञ रिव्हार या पोर्तुगीज विद्वानाने १८५७ साली टॉमस स्टीफन्सचे कोंकणी व्याकरण पुन्हा छापले आणि १८५८ मध्ये कोंकणी भाषेचा इतिहास लिहून गोमंतकीय तरुणांस मातृभाषेकडे वळण्याचे आवाहन केले. गोमिश यांनी गोवा सोडला तो याच सुमारास. रिव्हारच्या आवाहनाचा त्यांच्या लेखनावर परिणाम झालेला दिसत नाही. त्यांचे ग्रंथ पोर्तुगीज आणि फ्रेंच या दोन भाषांतच आहेत. एका परकीयाने एतद्देशीय भाषेची बाजू घ्यावी आणि एका एतद्देशीयाने परकीय भाषेतून देशाची बाजू मांडावी, असा हा योगायोग आहे. यात गोमिश यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या सभेपुढे त्यांना बोलावयाचे होते ती कोंकणी जाणत नव्हती.

त्या सभेत पाऊल टाकताच त्यांना झुंजावे लागले. सागरापलीकडील प्रांतांचे संसदेतील प्रतिनिधित्वच काढून घ्यावे अशी सूचना त्या वेळी पुढे आली होती. गोमिश यांनी आपल्या पहिल्याच भाषणात तिला विरोध केला. नागरिकांचे अधिकार हे राजधानीने वसाहतींवर केलेले उपकार नव्हेत, घटनेतून प्राप्त झालेले ते हक्क आहेत, ही त्यांची भूमिका होती. या भाषणाने त्यांची वक्ता म्हणून ख्याती झाली. नंतर मृत्यूपर्यंतच्या आठ-नऊ वर्षांत ते गोव्याचे प्रतिनिधी म्हणून पुनःपुन्हा निवडून आले.

आता पत्रातील ‘स्वातंत्र्य’ या शब्दाकडे वळू. पत्रात एक वाक्य असे आहे की ज्याकडे गौरवलेखांत फारसे लक्ष दिले जात नाही. आपण आपल्या देशबांधवांपेक्षा अधिक भाग्यवान आहोत, कारण आपण स्वतंत्र आहोत, नागरिक आहोत, असे गोमिश तेथे म्हणतात. आणि हे सांगण्यासाठी ते रोमन नागरिकाची लॅटिन परिभाषा वापरतात. या वाक्याने सर्व पत्राची रचना उकलते. पारतंत्र्यात असलेले देशबांधव कोण? लेखक पोर्तुगीज हिंदुस्थानचा, आणि तो स्वतःस स्वतंत्र म्हणवितो. तेव्हा बंदिवान राष्ट्र म्हणजे मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थान होय. १८५७ च्या उठावाचा बीमोड होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. म्हणजे गोमिश यांची मागणी इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध आहे; पोर्तुगालच्या सत्तेविरुद्ध नाही. पोर्तुगालकडून त्यांना फारकत नको होती, दिलेल्या वचनाची पूर्तता हवी होती.

तथापि एवढ्यावरून या पत्राचे महत्त्व कमी होते असे नाही. पोर्तुगीज व्यवहारात ‘इंदिया’ हा शब्द बहुधा गोवा, दमण आणि दीव एवढ्यांपुरता वापरला जाई. गोमिश यांनी तो पूर्ण उपखंडास लावला. साष्टीचा एक ख्रिस्ती मनुष्य महाभारतकारांशी आपले नाते सांगतो, आणि ते सांगताना धर्मांतराची तीन शतके आड येऊ देत नाही, ही गोष्ट साधी नव्हे. राज्य कोणाचे, हा प्रश्न बाजूला ठेवून राष्ट्र कोणाचे, हा प्रश्न त्यांनी निराळा काढला. हा भेद १८६१ साली किती जणांना सुचला असेल? त्यांच्या मागणीच्या मर्यादा सांगताना त्यांच्या कल्पनेची ही झेपही सांगितली पाहिजे.

‘ऊश ब्राहामानिश’, म्हणजे ‘ब्राह्मण’, ही कादंबरी १८६६ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाली. गोमंतकीय लेखकाची पहिली कादंबरी म्हणून तिची गणना होते. कथानक गोव्यात घडत नाही. ते अयोध्या प्रांतातील फैजाबादेस, १८५७ च्या उठावाच्या काळात घडते. रॉबर्ट डेव्हिस हा आयरिश मळेवाला आणि त्याच्या घरी चाकरीस राहिलेला मग्नोद हा ब्राह्मण, ही तिच्यातील प्रमुख पात्रे. धन्याने केलेल्या अपमानामुळे मग्नोद सूडास प्रवृत्त होतो आणि व्यक्तिगत वैराचा हा धागा उठावाच्या विस्तृत पटात विणला जातो. कादंबरीत योगायोग विपुल आहेत. भाषणे लांबतात आणि लेखक मधूनमधून कथा थांबवून निबंध लिहू लागतो. कलाकृती म्हणून ती श्रेष्ठ ठरणार नाही. परंतु तिच्या मुळाशी जी कल्पना आहे ती असामान्य आहे : ब्राह्मण केवळ हिंदुस्थानातील सावळ्या वर्णाचेच नसतात, गोरे ब्राह्मणही असतात. जन्मावरून श्रेष्ठत्व सांगणारा, दुसऱ्याचा स्पर्श हीन मानणारा युरोपीय हाही ब्राह्मणच. म्हणूनच शीर्षकातील अनेकवचन अर्थपूर्ण आहे. जातिव्यवस्था आणि वसाहतवाद यांना गोमिश यांनी एकाच नावाखाली आणून बसविले.

मळेवाला इंग्रज नसून आयरिश असणेही लक्षणीय आहे. आयर्लंड स्वतः इंग्लंडच्या अंमलाखाली भरडला जात होता. तेथून आलेला मनुष्य फैजाबादेस येताच धनी बनतो आणि धन्याप्रमाणे वागतो. कादंबरीचे स्थळ ब्रिटिश मुलखात ठेवल्याने लेखकाला परकीय सत्तेवर निर्भयपणे लिहिता आले, हे खरे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट त्याच्या लेखणीतून सुटली : गोव्यातील गोऱ्या ब्राह्मणांविषयी, आणि चर्चमध्ये पुढल्या बाकासाठी भांडणाऱ्या ख्रिस्ती ब्राह्मण-चार्दोंविषयी, कादंबरी मौन धारण करते. ख्रिस्ती धर्मातील बंधुभाव हा जातिभेदावरील उपाय म्हणून ती सुचविते. ज्या गावात लेखक वाढला तेथे हा उपाय तीनशे वर्षे चालू असून रोग कायम होता. वैद्याच्या नजरेतून हे निसटावे याचे आश्चर्य वाटते.

शीर्षकाच्या वर्णरचनेविषयीही थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. संस्कृत ‘ब्राह्मण’ शब्दातील ‘ह्म’ हे जोडाक्षर अनेक भाषांना अवघड गेले. मराठीच्या उच्चारात वर्णविपर्यय होऊन ‘ब्राम्हण’ होते. कोंकणीत ‘बामण’ असे सुलभ रूप झाले. गोमिश यांनी स्वीकारलेल्या रूपात ‘ह’ आणि ‘म’ यांच्यामध्ये एक ‘अ’ आला आहे. व्याकरणात यालाच स्वरभक्ती म्हणतात. लेखकाच्या घरच्या भाषेतील ‘बामण’ हा शब्द शीर्षकात उतरलेला नाही. तेथे उतरले आहे ते युरोपीय ग्रंथांतून फिरून आलेले रूप. जे त्याच्या महाभारताचे झाले तेच या शब्दाचेही झाले.

मराठी वाचकाला या कादंबरीचे स्थान कळण्यासाठी काही सनावळी उपयोगी पडेल. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ ची. म्हणजे भारतीय कादंबरीच्या अगदी पहिल्या पिढीत गोमिश यांची गणना होते. ‘यमुनापर्यटना’शी तर त्यांचे नाते विशेष जवळचे आहे. दोन्ही लेखक ख्रिस्ती, आणि हिंदू समाजरचनेतील क्रौर्य दाखविणे हा दोघांचाही हेतू. पण पदमनजींनी विधवेचे दुःख मराठीतून, ते दुःख जेथे होते त्या समाजापुढे मांडले. गोमिश यांची कादंबरी ज्यांच्याविषयी होती त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ती वाचता आली असती. १८६९ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांचे ‘ब्राह्मणांचे कसब’ प्रसिद्ध झाले. ब्राह्मण हा विषय दोघांनीही घेतला. फुले भटशाहीवर प्रहार करताना इंग्रज सरकारकडे विद्यादानाची अपेक्षा ठेवतात. गोमिश भटशाही आणि इंग्रजशाही यांना एका पंक्तीत बसवितात. या दोन दृष्टींची परस्परांशी कधी गाठ पडली नाही. लिस्बन आणि पुणे यांच्यातील अंतर सागराचे होते, त्याहूनही ते भाषेचे होते.

अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही गोमिश यांचे कार्य नजरेआड करण्याजोगे नाही. १८६२ मध्ये त्यांनी भूमीचे स्वातंत्र्य आणि पोर्तुगीज हिंदुस्थानची ग्रामीण अर्थव्यवस्था या विषयावर ग्रंथ लिहिला. १८६७ मध्ये अर्थशास्त्राची उपपत्ती आणि तिचा नीती व कायदा यांच्याशी संबंध यांवर फ्रेंच निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या ग्रंथाच्या नावातही ‘स्वातंत्र्य’ हाच शब्द यावा, हे बोलके आहे. गोव्यातील जमिनीचा मोठा भाग गावकरीच्या, म्हणजे ग्रामसंस्थांच्या, सामाईक मालकीचा होता. या संस्थांचे रीतिरिवाज अफोंसु मेशिय यांनी १५२६ मध्ये नोंदवून ठेवले होते. उदारमतवादी अर्थशास्त्राच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव : जमिनीवरील, व्यापारावरील, व्यक्तीवरील. गोमिश यांच्या विचारात हा शब्द शेतापासून राष्ट्रापर्यंत एकाच अर्थाने पसरतो.

तो आफ्रिकेपर्यंत मात्र पोहोचत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्याच वर्षी गोमिश यांनी इंग्लंडमधील कापसाचा प्रश्न आणि पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज मुलूख यांवर फ्रेंचमध्ये पुस्तिका लिहिली. मुंबईत याच टंचाईने सोन्याचा पाऊस पाडला आणि १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात भाऊ दाजींसारख्यांची पुंजी बुडाली. गोमिश यांना या प्रसंगी पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतीत कापूस पिकविण्याची संधी दिसली. हिंदुस्थानसाठी स्वातंत्र्य मागणारी लेखणी आफ्रिकेचा विचार वसाहतीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने करते. त्या पिढीच्या उदारमतवादाची ही सीमा होती, आणि गोमिश यांनी ती ओलांडली नाही.

त्यांचा शेवटचा ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेले मार्किस द पोंबाल यांचे फ्रेंच चरित्र. १७६१ च्या फर्मानाने हिंदुस्थानातील एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा देणारा मंत्री हाच. गोमंतकीय नागरिकाने आपल्या हक्कांचे मूळ शोधू लागावे आणि पोंबालपाशी येऊन थांबावे, हे क्रमप्राप्तच होते. तोवर गोमिश क्षयाने पोखरले गेले होते. आपल्या रोगाचे भवितव्य त्या शस्त्रवैद्याला सांगावे लागले नसेल. मायदेशी परत येण्यासाठी ते निघाले. पण ३० सप्टेंबर १८६९ रोजी भूमध्य समुद्रात जहाजावरच त्यांचे निधन झाले आणि त्यांना जलसमाधी देण्यात आली. वय अवघे चाळीस. दीड महिन्याने, १७ नोव्हेंबरला, सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला.

मृत्यूनंतर त्यांच्या नावावर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला. पोर्तुगीजधार्जिण्यांना ते पोर्तुगालच्या वर्णनिरपेक्ष औदार्याचे उदाहरण वाटले. राष्ट्रवाद्यांना लामार्तिनचे पत्र पुरेसे होते. पत्रातील एकेक वाक्य दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारे असल्यामुळे यात आश्चर्य नाही. १९३१ मध्ये मुंबईत ‘ब्राह्मण’चे इंग्रजी भाषांतर निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी सालाझारच्या वसाहतविषयक कायद्याने गोव्यातील नागरिकाला गोमिश ज्याचा अभिमान बाळगीत त्या समानतेपासून दूर सारले होते. घटनेच्या चौकटीत राहून हक्क मागण्याचा त्यांचा मार्ग येथे संपला. पुढचा मार्ग निराळा होता, पण त्यावरही डॉक्टर दिसतात : १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांच्या बरोबर असळणेचे डॉ. जुलियांव मिनेझिश होते, आणि १९५४ मध्ये एका भोजनसमारंभात पोर्तुगीज सत्तेचा जाहीर निषेध केल्याबद्दल अटक झालेले डॉ. पुंडलिक गायतोंडे शस्त्रवैद्यच होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा लामार्तिनला लिहिलेल्या पत्रास शंभर वर्षे पुरी होऊन अकरा महिने लोटले होते. पणजीच्या कांपाल भागात गोमिश यांचा पुतळा आहे, आणि नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.